बरगे काढायची वेळ

दुरुस्तीचा सोलर इन्व्हर्टर टेबलावर आला की डिस्प्लेवरचा एरर कोड मी नंतर वाचतो, आधी त्याची पाठ बघतो. पाठीला ॲल्युमिनियमचा हीटसिंक असतो. त्याच्या पट्ट्यांत धूळ किती बसली आहे, कोळ्याने जाळी कुठे धरली आहे, झाकण काढल्यावर पॉवर मॉड्यूलभोवतीचा हिरवा बोर्ड कुठे तपकिरी पडला आहे, बस कपॅसिटरची डोकी फुगली आहेत का, एवढं बघितलं की त्या पेटीने मागची काही वर्षं कशी काढली ते बरंचसं कळतं. वीज पडून गेलेले इन्व्हर्टर येतात, पाल आत शिरून शॉर्ट झालेले येतात, कनेक्टरमध्ये पाणी गेलेलेही येतात. पण हळूहळू तापत जाऊन मेलेले जास्त. त्यांच्यात एका दिवसात काहीच घडलेलं नसतं. रोज दुपारी थोडं थोडं घडलेलं असतं.

कोल्हापूरला कळंब्यात, गारगोटी रस्त्याच्या आतल्या बाजूला माझं छोटं वर्कशॉप आहे. कळंबा तलावाच्या या अंगाला गेल्या काही वर्षांत घरं वाढली आणि घरांच्या टेरेसवर पॅनेल वाढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांचं अनुदान मिळू लागलं, तेव्हापासून तर गल्लीगल्लीत फ्रेम उभ्या राहिलेल्या दिसतात. पॅनेलबद्दल लोक भरपूर चौकशी करतात. कंपनी कुठली, वॅट किती, गारांनी फुटेल का, माकडं नाचली तर काय. खाली जिन्याजवळ भिंतीवर टांगलेल्या पेटीबद्दल फारसं कुणी विचारत नाही. माझा जीव मात्र त्या पेटीत अडकलेला आहे, आणि पेटीतही एका प्रश्नात: आतला स्विच नेमका कोणत्या क्षणी चालू होतो आणि कोणत्या क्षणी बंद.

पॅनेलमधून येते ती डीसी. महावितरणच्या तारेत आहे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची एसी. मधल्या पेटीने डीसीचे बारीक तुकडे पाडायचे, त्या तुकड्यांची रुंदी कमी-जास्त करत साइन लाट घडवायची, आणि ती ग्रीडच्या लाटेशी जुळवून बाहेर सोडायची. तुकडे पाडायचं काम आयजीबीटी किंवा मॉस्फेट करतात, सेकंदाला पंधरा-वीस हजार वेळा चालू-बंद होऊन. असा स्विच पूर्ण बंद असेल तर त्यातून करंट जात नाही. पूर्ण चालू असेल तर त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ राहत नाही. दोन्ही अवस्थांत तो फारसा तापत नाही. तापतो तो एका अवस्थेतून दुसरीत जाताना, कारण त्या निमिषभरात व्होल्टेजही असतं आणि करंटही असतो, आणि दोन्हींचा गुणाकार उष्णता होऊन हीटसिंकमध्ये उतरतो.

आकडे मांडले की नीट दिसतं. समजा स्विचांना वीज देणारी डीसी बस ४०० व्होल्टची, करंट २० अँपिअर, आणि एक बदल व्हायला १०० नॅनोसेकंद लागतात. एका बदलाचा तोटा निघतो ०.४ मिलिज्यूल. हा आकडा कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. पण सेकंदाला २० हजार वेळा म्हटल्यावर त्याचे ८ वॅट झाले, आणि चालू-बंद दोन्ही धरले की एका स्विचमागे १६ वॅट. ग्रीडची लाट वरखाली होत असल्यामुळे सरासरी यापेक्षा कमी पडते, तरी पुलामधल्या, म्हणजे ब्रिज सर्किटमधल्या, सगळ्या स्विचांची बेरीज केली की टेबलावर सोल्डरिंग आयर्न तापवायला पुरेल एवढी उष्णता एका घरगुती इन्व्हर्टरमध्ये नुसत्या या बदलांची होते. आता चोक, म्हणजे लाट गुळगुळीत करणारी कॉइल, लहान आणि हलका करायचा म्हणून तोच स्विच सेकंदाला एक लाख वेळा चालवला, तर १६ चे ८० होतात. पेटी लहान करायला जावं तर आत भट्टी पेटते. याला हार्ड स्विचिंग म्हणतात. व्होल्टेज पूर्ण अंगावर असताना जोर लावून स्विच चालू करायचा, करंट भरात वाहत असताना तोडायचा.

यावरचा उपाय मला प्रथम शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत भेटला, तेव्हा सोलर हा शब्दही आमच्या बोलण्यात नव्हता. मी इंडक्शन फर्नेसच्या पॅनेलवर हेल्पर होतो. कोल्हापूरच्या फाउंड्र्या आधी कोकवर चालणाऱ्या क्युपोलाच्या, मग एकामागून एक विजेच्या भट्टीवर आल्या. त्या भट्टीच्या पॅनेलमध्ये भाकरीएवढे थायरिस्टर असतात, पाण्याने थंड केलेले. थायरिस्टरचा स्वभाव असा की गेटवर इशारा दिला की तो चालू होतो, पण गेटवरून तो बंद करता येत नाही. त्यातला करंट आपणहून शून्यावर यावा लागतो, आणि वर काही मायक्रोसेकंद उलटं व्होल्टेज मिळावं लागतं, तेव्हा तो सुटतो. म्हणून भट्टीच्या कॉइलला कपॅसिटर बँक जोडलेली असते. कॉइल आणि कपॅसिटर मिळून स्वतःच्या लयीत हेलकावे घेतात, आणि त्या लयीत करंट शून्याला येईल तेव्हा एका जोडीने सोडायचं, दुसरीने धरायचं. शेकडो किलोवॅटची ताकद, आणि ती फिरवायची एवढी हलक्या हाताने.

आमचे मिस्त्री मीटरपेक्षा कानावर जास्त विसंबायचे. भट्टीला एक शिट्टी असते. थंड लोखंडाचं भंगार भरलं असताना ती खालच्या सुरात असते. लोखंड साधारण ७७० अंशांच्या वर गेलं की त्याचं चुंबकत्व जातं, कॉइलचा इंडक्टन्स उतरतो, लय जलद होते आणि शिट्टी वर चढते. कंट्रोल कार्डाला ही सरकणारी लय सतत पकडत राहावी लागते. सूर मध्येच खरखरला की मिस्त्री हात वर करायचे, "थांब, सोडंना झालाय त्यो." म्हणजे एखादा थायरिस्टर वेळेत बंद होत नाहीये, आणि पुढच्या काही क्षणांत पॅनेल ट्रिप होणार किंवा फ्यूज जाणार. झीरो करंट स्विचिंग हे नाव मला फार नंतर पुस्तकात वाचायला मिळालं. ते काय असतं हे शिरोलीतल्या कितीतरी पॅनेलवाल्यांना रोजच्या कामातून ठाऊक होतं, आणि आजही आहे. या माणसांच्या ज्ञानाला कोल्हापुरात हवा तेवढा मान मिळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

सोलर इन्व्हर्टरमध्ये मात्र करंट शून्यावर येण्यापेक्षा व्होल्टेज शून्यावर येण्याची वाट बघणं जास्त उपयोगी पडतं, निदान मॉस्फेटच्या बाबतीत. हे आयटीआयच्या पोरांना समजावताना मी बंधाऱ्याकडे जातो. आमच्या वर्कशॉपात कळंबा रोडच्या शासकीय आयटीआयमधली पोरं शिकायला येतात, आणि त्यातली बरीचशी भोगावती, तुळशी, दूधगंगेच्या काठच्या गावांतली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, त्यांनी घरच्यांबरोबर काढलेले असतात. एका अंगाला पाणी तुंबलेलं आणि दुसऱ्या अंगाला नदी कोरडी, अशा वेळी बरगा खाचेत असा दाबून बसतो की साखळी लावून ओढला तरी हलत नाही, आणि हललाच तर पाणी अंगावर येतं. दोन्ही अंगांचं पाणी एका पातळीला आलं की तोच बरगा दोघं जण सहज वर काढतात. स्विचचंही तसंच. त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज आधी एका पातळीला आणायचं, मगच गेट द्यायचं. पोरांना पुढचं फारसं सांगावं लागत नाही.

पातळी सारखी करायची कशी, हा खरा इंजिनिअरिंगचा भाग. पुलाच्या एका पायात वर एक आणि खाली एक असे दोन स्विच असतात. खालचा बंद केला की लगेच वरचा चालू करायचा नाही. मध्ये थोडी मोकळी वेळ ठेवायची. तिला डेड टाइम म्हणतात. ती तशीही ठेवावीच लागते, नाहीतर दोन्ही एकदम चालू राहून बस शॉर्ट होईल. पण त्या मोकळ्या वेळात चोकमधला करंट थांबत नाही, चोकला करंट अचानक तोडलेला चालत नाही. तो वाट शोधतो, आणि वरच्या स्विचच्या पोटातला छोटा कपॅसिटन्स रिकामा करत जातो. तो रिकामा झाला की स्विचवरचं व्होल्टेज शून्य. त्या क्षणी गेट आलं तर चालू होताना तोटा जवळजवळ नाही. गेट लवकर आलं तर उरलेलं व्होल्टेज स्विचमध्येच जळतं. फार उशिरा आलं तर करंट स्विचच्या डायोडमधून वाहत राहतो आणि तोही तापवतो, किंवा हेलकावा उलटून व्होल्टेज परत वर चढतं. सगळा खेळ काही शे नॅनोसेकंदांच्या खिडकीचा आहे.

हे एकदा तरी स्कोपवर स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. माझ्याकडे एक हायब्रिड इन्व्हर्टर आला होता, ४८ व्होल्टच्या बॅटरीपासून ४०० व्होल्टची बस उभी करणारा. त्याचा बॅटरीकडचा भाग रेझोनंट होता, म्हणजे भट्टीसारखाच कॉइल-कपॅसिटरच्या लयीवर चालणारा. दुरुस्ती झाल्यावर मी तो कमी ताकदीवर टेबलावर चालवला. अशा बोर्डाला साधा प्रोब लावायचा नसतो, कारण बस जमिनीशी बांधलेली नसते; डिफरन्शियल प्रोब लागतो. आणि हात घालण्याआधी बस कपॅसिटर दोन बल्ब सिरीजमध्ये लावून उतरवायचा. बल्ब विझले तरी मीटर लावून बघायचं, मगच बोट पुढे करायचं. हा नियम माझ्या वर्कशॉपात कुणालाही मोडता येत नाही.

एक चॅनेल गेटवर, दुसरं स्विचवरच्या व्होल्टेजवर. हार्ड स्विचिंगमध्ये गेटची रेघ चढताना मध्येच एक पायरी दिसते, थोडा वेळ आडवी राहते आणि मग पुन्हा चढते. त्या पायरीवर गेट ड्रायव्हर स्विचच्या कोसळणाऱ्या व्होल्टेजशी झगडत असतो, आणि तेवढ्याच वेळात उष्णता तयार होते. या बोर्डावर दुसऱ्या चॅनेलची रेघ आधी गोलाईने खाली उतरली, शून्याला टेकली, आणि त्यानंतर गेटची रेघ सरळ वर गेली. मध्ये पायरी नाही. आसपास ती बारीक थरथरही नाही, जिच्यामुळे जवळचा रेडिओ खरखरतो. शेजारी उभ्या असलेल्या पोराने विचारलं, "ह्यात तर काय झालंच न्हाई की?" तेच तर बघायला मी त्याला बोलावलं होतं. मी त्याला हीटसिंकवर थर्मामीटरचा प्रोब धरायला लावला, आणि तो बराच वेळ आकडा चढायची वाट बघत उभा राहिला.

ही विद्या नवी नाही, आणि तिच्यात आपल्याकडून शिकून गेलेल्या माणसांचा मोठा हात आहे. आज ज्या आयजीबीटीवर बहुतेक घरगुती इन्व्हर्टर उभे आहेत त्याच्या जडणघडणीत जयंत बालिगा यांचं नाव आघाडीवर घेतलं जातं. ते आयआयटी मद्रासचे, आणि हे काम त्यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९८०च्या आसपास केलं. आयजीबीटीची एक खोड अशी की बंद केल्यावरही त्याच्यात साठलेला भार लगेच निघून जात नाही, करंटचं शेपूट मागे राहतं, आणि त्या शेपटात बरीच ऊर्जा जळते. मग १९८६ मध्ये आयआयटी कानपूरचे दीपक दिवाण यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात रेझोनंट डीसी लिंकची कल्पना मांडली. एकेका स्विचच्या मागे लागण्याऐवजी त्यांनी सगळ्या पुलाला वीज देणारी बसच हेलकावे घेणारी केली. बसचं व्होल्टेज दर हेलकाव्याला शून्यावर येणार, आणि पुलातला कोणताही स्विच त्या क्षणी बदलणार. कल्पना अतिशय देखणी. अडचण अशी की हेलकावा वर जाताना बसच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त चढतो, आणि तेवढं सोसणारे स्विच लागतात. मग त्याला क्लॅम्प लावून ती उंची कमी करायच्या पद्धती निघाल्या. १९९० मध्ये रिक डी डॉन्कर आणि जेम्स लायन्स यांनी वेगळी वाट काढली: मुख्य पुलाला हात न लावता बाजूला छोटे सहायक स्विच आणि एक छोटी कॉइल ठेवायची, आणि बदलाच्या वेळी तेवढ्यापुरता करंट देऊन पातळी सारखी करून घ्यायची.

अलीकडची एक गोष्ट पोरांना मी आवर्जून सांगतो. २०१४ मध्ये गूगलने दहा लाख डॉलरची स्पर्धा लावली: दोन केव्हीएचा इन्व्हर्टर ४० घन इंचांत बसवून दाखवा. म्हणजे साधारण ६५५ घन सेंटिमीटर, एका छोट्या जेवणाच्या डब्यात मावेल एवढा. २०१६ मध्ये बेल्जियमच्या एका संघाने ती जिंकली, आणि त्यांची घनता मागणीच्या जवळपास तिप्पट होती. त्यांनी गॅलियम नायट्राइडचे स्विच वापरले आणि ते व्होल्टेज शून्यावर आणून चालू केले. झुरिचच्या ईटीएचमधल्या संघाच्या पेटीत चोकमधला करंट दर फेरीला थोडा उलटा नेला जायचा, म्हणजे पुढचा स्विच चालू होण्याआधी त्याचं पोट रिकामं करायला करंट हमखास हाताशी असायचा. त्यासाठी स्विचिंगची लय एकसारखी ठेवता येत नाही, ग्रीडच्या लाटेबरोबर ती सतत बदलावी लागते. शिरोलीत शिट्टीचा सूर चढत-उतरत असे, तेव्हा कार्ड याच जातीचं काम करत होतं.

एवढं सगळं असताना भिंतीवरच्या प्रत्येक इन्व्हर्टरमध्ये सॉफ्ट स्विचिंग, म्हणजे व्होल्टेज किंवा करंट शून्यावर असताना स्विच बदलणं, का नसतं, हे मला शेजारच्या कॉलनीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं. सर रोज संध्याकाळी सातला वहीत युनिट लिहितात, आणि उन्हाळ्यात तासातासाचे आकडे. एप्रिलमध्ये ते वही घेऊन आले. "ऊन तर एक नंतर जास्तच कडक असतं, मग दीड ते तीन आकडा खाली का बसतो?" जाऊन बघितलं. पेटी पश्चिमेच्या भिंतीवर, वर पत्रा, आणि बाजूला शिडी टेकवलेली, त्यामुळे वारा बंद. आतलं तापमान मर्यादेजवळ गेलं की इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला ताकद कमी करतो, ते चाललं होतं. पेटी उत्तरेच्या भिंतीवर घेतली, खाली-वर एक-एक हात मोकळी जागा सोडली, आणि वहीतला तो खड्डा भरून निघाला. सरांचा पुढचा प्रश्न जास्त खोल होता. "जागा बदलून भागलं, पण मुळात न तापणारा का बनवत नाहीत?"

बनवतात, पण त्याची किंमत असते, आणि ती नुसती पैशाची नसते. पातळी सारखी करायला जो करंट फिरवावा लागतो तो स्वतः ग्रीडला काही देत नाही, पण तारांत, कॉइलीत आणि स्विचांत तोटा करत जातो. जास्तीचे भाग म्हणजे बिघडायला जास्तीच्या जागा. दुसरीकडे सिलिकॉन कार्बाइडचे मॉस्फेट आले, त्यांच्यात आयजीबीटीचं शेपूट नाही आणि डायोडचा उलटा झटका अगदी थोडा. त्यांनी साध्या हार्ड स्विचिंगमध्येही ९८ टक्क्यांच्या वर पोहोचता येतं. म्हणून आज ग्रीडकडच्या पुलात अनेक कंपन्या चांगले स्विच घालून सरळ काम करतात, आणि रेझोनन्स वापरतात तो बॅटरीकडच्या किंवा पॅनेलकडच्या डीसी टप्प्यात, जिथे लय फार जलद असते आणि ट्रान्सफॉर्मर लहान हवा असतो. मला ही वाटणी शहाणपणाची वाटते. सगळीकडे एकच तत्त्व लावायचा हट्ट चांगल्या बोर्डाला महाग आणि नाजूक करतो.

तरी एका बाबतीत मी सरांच्या बाजूचा आहे. डेटाशीटवरचा ९७.५ आणि ९८.५ यांतला एक टक्का ग्राहकाला बिलात फारसा दिसत नाही. पाच किलोवॅटच्या संचाने दिवसाला वीस युनिट दिले तर एक टक्का म्हणजे वर्षाला साधारण त्र्याहत्तर युनिट. पण आत बघा. पूर्ण ताकदीवर एकात १२५ वॅट उष्णता, दुसऱ्यात ७५. ते पन्नास वॅट रोज दुपारी कपॅसिटरांच्या शेजारी बसतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं. पॅनेल पंचवीस वर्षांच्या हिशेबाने घेतलेलं असतं, आणि पेटी त्याच्याबरोबर तेवढी चालावी असं वाटत असेल तर हा पन्नास वॅटांचा फरक युनिटांपेक्षा कितीतरी मोठा आहे. माझ्या टेबलावर फुगलेल्या डोक्यांचे कपॅसिटर येतात त्यामागे हाच हिशेब असतो.

आणि पावसाळा. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं, कारण याकडे कुणी बघत नाही. इन्व्हर्टरची कार्यक्षमता नुसती एकाच ताकदीवर मोजून छापत नाहीत, वेगवेगळ्या ताकदींवर मोजून भारित सरासरी काढतात. युरोपीय सरासरीत निम्म्या ताकदीला ४८ टक्के वजन आहे आणि पूर्ण ताकदीला २०. कॅलिफोर्नियाच्या पद्धतीत ७५ टक्के ताकदीला ५३ टक्के वजन. दोन्ही वजनं तिथल्या उन्हाकडे बघून ठरवलेली. कळंब्याचं ऊन तसं नाही. मार्च ते मे इथे पेटी दुपारभर भरून चालते आणि तापते. जून संपता संपता सह्याद्रीकडून ढग येऊन बसतात ते सप्टेंबरपर्यंत पुरते हटत नाहीत, आणि पाच किलोवॅटचा इन्व्हर्टर दिवसचे दिवस चार-पाचशे वॅटवर रेंगाळतो. दहा टक्के ताकद. इतक्या कमी करंटला चोकमध्ये स्विचचं पोट रिकामं करायला पुरेसा जोर उरत नाही. स्कोपवर बघितलं तर गेटच्या रेघेवरची ती पायरी परत उगवलेली दिसते. सॉफ्ट स्विचिंगचा बोर्ड कमी ताकदीवर हार्ड होतो.

हेच स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीत ऐकू येतं. शेगडीतही एक आयजीबीटी आणि कॉइल-कपॅसिटरची जोडी असते, आणि तो व्होल्टेज शून्यावर आल्यावरच चालू होतो. दूध मंद आचेवर ठेवायला आकडा खाली आणला की शेगडी एकसारखी मंद होत नाही; काही सेकंद चालते, काही सेकंद थांबते. मंद चालवली तर शून्य गाठता येत नाही आणि आयजीबीटी जळतो, म्हणून ती ठरावीक ताकदीवर चालू-बंद करून सरासरी मंद करते. चांगल्या इन्व्हर्टरचा फर्मवेअरही कमी उजेडात असंच काही करतो: फेऱ्या गाळतो, किंवा दोन समांतर टप्प्यांतला एक झोपवतो, म्हणजे उरलेल्याला पुरेसा करंट मिळतो. स्वस्त पेटीत ही काळजी घेतलेली नसते. पोरांना मी पहिले काही आठवडे भंगारातल्या शेगडीच्या बोर्डांवरच बसवतो. ते स्वस्त मिळतात, आणि सोलरच्या बोर्डात जे शोधायचं ते सगळं त्यांच्यात मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं.

मागच्या मे महिन्यात सरांच्या शेजारच्या वहिनी आल्या होत्या. तीन किलोवॅटचे पॅनेल घ्यायचे ठरले होते, आणि कुणीतरी सुचवलं होतं की इन्व्हर्टर पाचचा घ्या, पुढे पॅनेल वाढवता येतील. वरवर सल्ला बरा वाटतो. मी त्यांना पावसाळ्याचा हिशेब मांडून दाखवला. तीन किलोवॅटच्या पॅनेलवर जुलैत तीनशे वॅट आले, तर पाचच्या पेटीला ते सहा टक्के होतात आणि तीनच्या पेटीला दहा. तिकडे कार्यक्षमतेचा आलेख झपाट्याने खाली उतरतो, तेव्हा सहा आणि दहात बराच फरक आहे. पुढे दोन किलोवॅट वाढवायचे ते वाढवतील तेव्हा दुसरी पेटी लावता येईल, तोवर तीनची पेटी घ्यावी आणि पॅनेल साडेतीनपर्यंत न्यावेत, असं मी सांगितलं. उन्हाळ्यात भर दुपारी थोडी वीज कापली जाईल, पण वर्षातल्या बाकी सगळ्या सकाळी, संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी पेटी तिच्या चांगल्या पट्ट्यात चालेल. वहिनींनी विचारलं, हे कागदावर कुठं लिहिलेलं असतं का? असतं. चांगल्या कंपनीच्या डेटाशीटमध्ये दोन आलेख असतात: ताकदीप्रमाणे कार्यक्षमता कशी बदलते त्याचा एक, आणि तापमान वाढल्यावर ताकद कुठून उतरायला लागते त्याचा दुसरा. विक्रेत्याकडे ते दोन्ही मागायचे.

वहिनींनी मागितले. एका विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर नुसतं रंगीत पत्रक पाठवलं, दुसऱ्याने दोन्ही आलेखांची पानं पाठवली. पेटी दुसऱ्याकडून घेतली गेली, तीन किलोवॅटची, आणि उत्तरेच्या भिंतीवर बसली.